शब्द तिचे, गळा कुणाचा?

हंसा वाडकरांचा आवाज आजही ऐकता येतो. 'लोकशाहीर रामजोशी'त तो आहे, 'पुढचं पाऊल'मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या समोर आहे, 'सांगत्ये ऐका'त तर आहेच. पण त्या आवाजातले शब्द बाईंचे नाहीत, पटकथा आणि संवाद लिहिणाऱ्यांचे आहेत. त्यांचे स्वतःचे शब्द 'सांगत्ये ऐका' याच नावाच्या पुस्तकात आहेत आणि तिथे आवाज नाही. बाईंनी ते पुस्तक लिहिलं नाही, सांगितलं. तेव्हा तरुण पत्रकार असलेल्या अरुण साधूंनी ते शब्दांत उतरवलं, श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस' साप्ताहिकात ते क्रमशः छापून आलं आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने त्याचं पुस्तक केलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७१मध्ये, पन्नाशीही न गाठता बाई गेल्या.

आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं जिने आपल्या गळ्यातून म्हटलं, तिचं स्वतःचं सांगणं असं दुसऱ्याच्या हातून कागदावर आलं. मराठी नटीच्या कारकिर्दीकडे मी बराच काळ या बाजूने पाहत आलो आहे: शब्द कुणाचे आणि गळा कुणाचा? नाटकात, सिनेमात, आकाशवाणीवर, कॅसेटवर ही दोन्ही एकाच बाईकडे एकाच वेळी फार क्वचित आली. ऑडिओबुकात ती येऊ शकतात. नटीने लिहावं, तिनेच माइकसमोर बसून वाचावं, आणि ऐकणाऱ्याने ते पोळ्या लाटताना ऐकावं.

हा लेख पाचोऱ्यात बसून लिहितो आहे, त्यालाही कारण आहे. पाचोरा हे चाळीसगाव आणि जळगावच्या मधलं, मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचं तालुक्याचं गाव. हिवरा नदी, कापसाच्या गाड्या, आजूबाजूला केळी. इथून जामनेरला जाणारी ५६ किलोमीटरची अरुंद रुळांची 'पीजे' टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता त्या मार्गाच्या रुंदीकरणाची चर्चा स्टेशनाबाहेरच्या चहाच्या गाडीवर चालते. नवं मराठी पुस्तक इथे कुणी सांगून मागवलं तर येतं, नाहीतर वाचनालयाच्या वार्षिक खरेदीत येतं. मोबाइलवरचं पुस्तक मात्र पुण्यात आणि पाचोऱ्यात एकाच मिनिटाला उघडतं. आणि इथली माणसं मुळात ऐकणारी. जात्यावरच्या ओव्या ऐकणारी, कीर्तन ऐकणारी, जत्रेत तंबूतला सिनेमा पडद्याच्या मागच्या बाजूला बसून नुसत्या आवाजावर 'पाहिलेली' माणसं अजून आमच्यात आहेत.

माझी एक मावशी भडगाव रोडला राहते. मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर वाचणं तिने सोडलं. भाचीने मोबाइलमध्ये ऑडिओबुकचं ॲप घालून दिलं, तेव्हापासून मावशी दुपारभर कानात बोंडं घालून बसते. मी गेलो की तिची समीक्षा सुरू होते, आणि ती बऱ्याच छापील समीक्षेपेक्षा बरी असते. एका प्रसिद्ध कादंबरीचं वाचन ऐकून ती म्हणाली, "भाऊ, हाई बाई पुस्तक वाची ऱ्हायनी का भांडी ऱ्हायनी?" वाचणारी बाई मालिकांतली नावाजलेली नटी होती. प्रत्येक वाक्याला ती भावना लावत होती. मावशीला गोष्ट हवी होती. हा प्रश्न मी तेव्हापासून जपून ठेवला आहे. पुढे त्याकडे येऊ.

आधी खान्देशाचं या विषयाशी असलेलं नातं सांगायला हवं, कारण ते वाटतं त्याहून जुनं आहे. लहानपणी नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, काही काळ जळगावात होते आणि मेहबूब खानांकडे गाणं शिकले. मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत गाजलेल्या 'बाई'च्या गळ्याला पहिली तालीम अशी आमच्याकडे मिळाली, आणि तो गळा पुरुषाचा होता. तेव्हा शब्दही पुरुषाचे आणि गळाही पुरुषाचा. बाईचं होतं ते फक्त नेसलेलं लुगडं. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरचं 'आंधळ्यांची शाळा' आलं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी कामं केली आणि शिष्टसंमत रंगभूमीवर बाईच्या भूमिकेत बाई दिसू लागली. त्याच्या आदल्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' या बोलपटात दुर्गा खोट्यांचा आवाज लोकांनी ऐकला होता. गळा मिळाला. शब्द मिळायला वेळ लागणार होता.

दुसरं टोक बहिणाबाईंचं. १८८० साली असोद्याला जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही शेतकरीण शेतात नि जात्यावर गात राहिली. तिचा मुलगा सोपानदेव चौधरी आणि त्यांचे मावसभाऊ यांनी जमेल तेवढं टिपून ठेवलं. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तिची कविता पुस्तकरूपात आली. तिच्याकडे शब्द आणि गळा दोन्ही होतं, टिपून घ्यायला मात्र फक्त पेन्सिल होती. पुढे १९६१च्या 'मानिनी' सिनेमात तिचे शब्द संगीत लावून महाराष्ट्रभर गेले. दिग्दर्शक अनंत माने, संगीतकार वसंत पवार. दोनच वर्षांपूर्वी 'सांगत्ये ऐका' केलेली हीच जोडी. आणि 'मानिनी'ची नायिका जयश्री गडकर, जिने 'सांगत्ये ऐका'तही काम केलं होतं आणि पुढे 'अशी मी जयश्री' हे आत्मचरित्र दिलं. असोद्याच्या जात्यापासून पुण्याच्या विजयानंद टॉकीजपर्यंतची ही साखळी मला फार वेळा आठवते. 'सांगत्ये ऐका' त्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला होता.

आता हंसाबाईंच्या पुस्तकाकडे. त्यांचं मूळ नाव रतन साळगावकर. कलावंतिणीच्या घराण्यातली मुलगी, १९३६च्या 'विजयाची लग्नं'पासून पोटासाठी सिनेमात आलेली, पुढे बॉम्बे टॉकीज, मग प्रभातचा 'संत सखू'. पडद्यावर संत, घरात मिळवती बायको, बाहेर बदनाम बाई; तिन्ही एकाच देहात. त्या पुस्तकात नवऱ्याशी झालेली भांडणं आहेत, दारू आहे, मुलीपासून झालेली ताटातूट आहे, मराठवाड्यातल्या एका खेड्यात परक्या संसारात अडकून पडल्याचा काळ आहे, आणि तिथून सुटताना झालेला अत्याचारही आहे. हे सगळं सांगण्याची तऱ्हा अशी की स्वतःची कीव कुठे नाही आणि कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याची घाईही नाही. मध्येच गोष्ट तुटते, मागे जाते, पुन्हा दुसरीकडूनच सुरू होते. आवरून लिहिणाऱ्याने हे सरळ केलं असतं. साधूंनी केलं नाही, हे त्यांचं मोठेपण. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' लिहिणारा कादंबरीकार पुढे यायचा होता, पण दुसऱ्याच्या बोलण्यावर आपली शैली चढवायची नाही ही शिस्त त्याच्याकडे आधीच होती.

तरीही वाचताना एक गोष्ट खटकत राहते. 'इथे बाई थांबल्या असतील का?' असं दर दोन पानांना वाटतं. हसल्या असतील का? अत्याचाराचा प्रसंग त्यांनी पटकन उरकला की सावकाश सांगितला? कागदावर तो मोजक्या ओळींत आहे. त्या ओळी कोरड्या वाटतात की बधिर, हे ठरवायला आपल्याकडे काहीच नाही. आवाज असता तर हा प्रश्न पडलाच नसता.

ही उणीव भरून काढायला खान्देशातूनच एक बाई आली. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी स्मिता. तिचा जन्म पुण्याचा, वाढही पुण्या-मुंबईची, पण खान्देशाने तिला नेहमी आपलीच मानलं. तिची सुरुवात आवाजाची होती, हे आपण विसरतो. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि त्या पहिल्या काळात स्मिता पाटील मराठी बातम्या वाचत असे. दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर, पण सरळ बघत, भावना न लावता, प्रत्येक शब्द नीट पोचवत. श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' केला तो 'सांगत्ये ऐका'वर आधारून. पटकथेत गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे सोबत होते. स्मिताला त्यासाठी अभिनयाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, पटकथेलाही मिळालं. त्याच वर्षी 'जैत रे जैत' आला. त्याची गाणी लिहिली होती ना. धों. महानोरांनी, पाचोऱ्याहून फार दूर नसलेल्या, अजिंठ्याच्या डोंगराखालच्या पळसखेड्यात शेती करणाऱ्या कवीने. आमच्याकडच्या लोकांना १९७७ सालाचा एवढा अभिमान का, ते यावरून कळेल.

पण 'भूमिका'तही गणित तेच राहिलं. हंसाबाईंचं सांगणं, साधूंचं शब्दांकन, तिघांची हिंदी पटकथा आणि स्मिताचा गळा. बाईपासून प्रेक्षकापर्यंत इतके थांबे. २०१३ साली त्यात आणखी एकाची भर पडली: 'झुबान'ने पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद काढला. अनुवाद केला जसबीर जैन आणि जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात शिकवणाऱ्या शोभा शिंदे यांनी. त्या विद्यापीठाला आता बहिणाबाईंचं नाव आहे. हंसाबाईंना जगापुढे नेण्याच्या कामात जळगावचा हात लागला, ही बातमी जळगावात किती जणांना ठाऊक आहे, मला शंकाच आहे.

हंसाबाईंच्या आधीही नट्यांनी लेखणी धरली होती. शांता आपटेंचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देणारी ही नटी. १९३९ साली करारावरून वाद झाला तेव्हा ती प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली, आणि पुढच्या वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक तिने लिहिलं. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना धंद्याची आतली बाजू सांगणारं, स्टुडिओ आणि पैसा यांबद्दल बोलणारं पुस्तक. नटीच्या आठवणी असतात अशी आपली समजूत; नटीचं मत असू शकतं हे १९४० साली छापून आलं होतं. त्यानंतर स्नेहप्रभा प्रधानांचं 'स्नेहांकिता', लीला चिटणीसांचं 'चंदेरी दुनियेत', दुर्गाबाईंचं 'मी, दुर्गा खोटे', शांता हुबळीकरांचं आत्मचरित्र, सीमा देव यांचं 'सुवासिनी', लालन सारंगांचं 'जगले जशी', विजया मेहतांचं 'झिम्मा', वंदना मिश्रांचं 'मी मिठाची बाहुली'. मराठी आत्मचरित्रांच्या कपाटातला हा कप्पा मला नेत्यांच्या कप्प्याहून जास्त खरा वाटतो. पण यातल्या बहुतेक बायका गळ्यावर जगलेल्या होत्या आणि पुस्तकात मुक्या झाल्या.

मग गळ्याचं काय झालं? गळा आकाशवाणीने सांभाळला. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच'मध्ये बाळ कुडतरकरांचे पंत, प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी आणि नीलम प्रभूंच्या मीनावहिनी. नीलम प्रभू म्हणजे पुढच्या करुणा देव. या बाईंचा चेहरा महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांनी पाहिला नसेल, पण त्यांचं हसणं घराघरांत ओळखीचं होतं. माइकपाशी चेहरा, वय, वर्ण, बांधा काही लागत नाही, हे नटीच्या दृष्टीने किती मोठं स्वातंत्र्य आहे! पडद्यावर चाळिशीनंतर तिला आईच्या भूमिका मिळू लागतात. रेडिओवर साठीची बाई विशीची प्रेयसी होऊ शकते आणि कुणाची तक्रार नसते. शब्द मात्र इथेही श्रुतिका लिहिणाऱ्याचे.

आणि जिथे लेखकच आपलं लिहिलेलं सांगत होता, तिथे पुरुषांची मक्तेदारी होती. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन नेलं. पु. लं.च्या ध्वनिफितींवर एक पिढी वाढली. लग्नाच्या वऱ्हाडात टेप लावून 'व्यक्ती आणि वल्ली' ऐकणारे आम्ही. गिरिजा कीर कथाकथन करत, पण त्यांच्यासारखी नावं थोडी. लेखक स्वतः वाचतो तेव्हा श्रोता त्याला ओळखीचा माणूस मानतो, ही कमाई पुरुष लेखकांनी पन्नास वर्षं केली.

ही कोंडी एका बाईने जवळजवळ एकटीने फोडली. सुषमा देशपांडे यांनी १९८९च्या सुमारास 'व्हय, मी सावित्रीबाई' लिहिलं आणि स्वतःच सादर केलं. नेपथ्य जवळजवळ नाही, शाळेचा हॉल चालतो, देवळापुढचं अंगण चालतं. पुढे तमाशातल्या स्त्रियांच्या आयुष्यांवरचा 'तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड' हाही त्यांनीच लिहिला आणि केला. अभिनेत्री, लेखिका आणि सांगणारी, तिन्ही एकच. माझ्या लेखी मराठीतल्या पहिल्या 'ऑडिओबुक' बाई त्याच, फक्त त्यांनी स्टुडिओ सोडून एसटीने प्रवास केला.

जगातही हा प्रवास काहीसा असाच झाला. अमेरिकेत १९३०च्या दशकात अंधांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तकं सुरू झाली. १९५२ साली न्यू यॉर्कमध्ये बार्बरा होल्ड्रिज आणि मॅरिआन रोनी या विशीतल्या दोन मुलींनी 'कॅडमन रेकॉर्ड्स' काढून डिलन टॉमस या कवीला स्वतःच्या आवाजात बाजारात आणलं. आपल्याकडे अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी कॅसेटच्या जमान्यात स्वयंसेवकांकडून पुस्तकं वाचून घेतली. ते काम आजही कमी लेखलं जातं. २०१७च्या अखेरीस 'स्टोरीटेल' ही स्वीडिश कंपनी भारतात आली आणि सुरुवातीच्याच भाषांत हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी होती. मराठीला पहिल्या पंक्तीत बसवणारे परदेशी व्यापारी क्वचित भेटतात. त्यानंतर नट-नट्यांना नवं काम मिळालं. आणि २०२३च्या फेब्रुवारीत व्हायोला डेव्हिस या अमेरिकन अभिनेत्रीला 'फाइंडिंग मी' या स्वतःच लिहिलेल्या आत्मचरित्राच्या स्वतःच केलेल्या वाचनासाठी ग्रॅमी मिळालं. एमी, ऑस्कर आणि टोनी तिच्याकडे होतेच. गरिबीत, उंदरांच्या घरात वाढलेल्या मुलीची ती गोष्ट तिने आपल्या तोंडाने सांगितली. हंसाबाईंना जे मिळालं नाही, नेमकं ते.

हे काम कसं चालतं हे सांगायला हवं, कारण 'वाचायचं तर आहे, त्यात काय' असं नटांनाही वाटतं. साठ हजार शब्दांचं पुस्तक मिनिटाला १२० शब्दांच्या गतीने वाचलं तरी आठ तासांहून जास्त भरतं. ते आठ तास मिळवायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ खोलीत बसावं लागतं. पंखा बंद. बांगड्या, पैंजण, कानातले लोंबते डूल उतरवायचे. सळसळणारी साडी नको, सुती हवी. पानं उलटल्याचा आवाज येऊ नये म्हणून मजकूर टॅबवर. पोट रिकामं असेल तर ते गुरगुरतं आणि माइक ते टिपतो. भरलेलं असेल तर श्वास अपुरा पडतो. तोंड कोरडं पडलं की जिभेचे चटचट आवाज येतात, त्यासाठी पाण्याचा घोट, कुणी सफरचंदाची फोड ठेवतं. चुकलं की मागच्या वाक्याला जाऊन तिथून पुन्हा धरायचं, तेही त्याच स्वरात, त्याच अंतरावरून. दुसऱ्या दिवशी आवाज बसला असेल तर कालच्या पानाला आजचं पान जुळत नाही.

आणि नाटकाची सवय इथे आड येते. रंगमंचावर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा असतो; माइकला तो कानापाशी हवा असतो. रंगमंचावर नटी एकच पात्र असते. इथे निवेदक, सासू, सून, हवालदार आणि संध्याकाळचा पाऊसही तीच. सगळ्यांचे आवाज काढत बसली तर नकलांचा कार्यक्रम होतो, कुणाचाच काढला नाही तर ऐकणाऱ्याला झोप लागते. मावशीची 'भांडी ऱ्हायनी'ची तक्रार इथली. लेखकाने वाक्यात जे आधीच ठेवलं आहे ते पुन्हा गळ्याने ठेवायचं नसतं. रडण्याचं वाक्य रडून वाचलं की ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही. स्मिता पाटीलच्या बातम्यांच्या वाचनातलं संयमित बोलणं इथे उपयोगी पडलं असतं असं मला राहून राहून वाटतं.

नटी स्वतःचं लिहिलेलं वाचते तेव्हा मात्र अडचण वेगळीच. दुसऱ्याच्या पुस्तकात ती लपू शकते. स्वतःच्या पुस्तकात आईच्या मृत्यूचं पान आलं की तिथे पात्र नसतं, तीच असते. आजच्या पिढीत लिहिणाऱ्या नट्या आहेत, आणि चांगलं लिहिणाऱ्या आहेत. सोनाली कुलकर्णींचं 'सो कुल' आणि अमृता सुभाष यांचं 'एक उलट, एक सुलट' दोन्ही 'लोकसत्ता'तल्या सदरांतून आलं. स्पृहा जोशी कविता लिहितात आणि म्हणतातही. सदर लिहिणाऱ्या नटीचं वाक्य मुळातच बोलण्याच्या लयीत असतं, कारण तिने हजारो वाक्यं तोंडावाटे घासून पाहिलेली असतात. हे वाक्य तिच्याच गळ्यातून यावं, हा साधा न्याय आहे.

व्यवहाराचं बोलायला आपल्याकडे संकोच असतो, पण शांता आपटेंना नव्हता, म्हणून बोलतो. वाचनाचे पैसे बहुधा तयार झालेल्या ध्वनिमुद्रणाच्या तासावर, एकरकमी मिळतात. पुस्तक दहा वर्षं ऐकलं गेलं तरी वाचणारीला पुढे काही नाही. लेखकाला निदान मानधनाचा हिस्सा असतो. म्हणून जी नटी लिहिते आणि वाचतेही तिने दोन करार वेगळे करावेत, एक लेखिकेचा आणि एक आवाजाचा. आता त्यात तिसरा मुद्दा आला आहे: यंत्राचा. काही तासांचं ध्वनिमुद्रण हाती असलं की त्या आवाजात न वाचलेलं पुस्तकही वाचून घेता येतं. २०२३मध्ये अमेरिकेतल्या नटांनी ११८ दिवसांचा संप केला, त्यातला एक मोठा मुद्दा हा होता. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग या गायकाच्या आवाजाची यंत्राने नक्कल करायला मनाई केली. प्रसिद्ध गायक कोर्टात जाऊ शकतो. तासाच्या हिशोबाने वाचणारी, नाव नसलेली नटी जाणार नाही. तिने करारातच लिहून घ्यायला हवं.

नाव नसलेली नटी म्हणजे कोण? पाचोऱ्यात मला अशी एक भेटली. कॉलेजात असताना एकांकिका केल्या, राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर काम केलं, मग लग्न होऊन इथे आली. टाळेबंदीत गोधड्यांच्या खोलीत बसून मोबाइलवर आवाजाचे नमुने ध्वनिमुद्रित केले आणि पाठवले. तिला उत्तर आलं की आवाज छान आहे, उच्चारांवर काम करा. तिचं दुखणं 'ळ' आणि 'ण'चं. आमच्याकडे बोलीत 'ळ'चा 'य' होतो आणि 'ण'चा 'न'. केळीच्या मुलुखात केळीला 'केयी' म्हणतात. तिने सहा महिने जीभ घासली, आता पुणेरी वाचते, अधूनमधून काम मिळतं. मला तिचं कौतुक आहे. प्रमाण भाषेतलं पुस्तक प्रमाण उच्चारांत वाचावं, यात वाद नाही.

वाद आहे तो उलट बाजूला. बहिणाबाईंची कविता 'डोया' आणि 'काया' म्हणणाऱ्या तोंडातून आलेली आहे, आणि ती आपण ऐकतो ते बहुतेक वेळा जीभ शुद्ध करून घेतलेल्यांच्या तोंडून. त्या वाचनात लेवा बोली पाहुण्यासारखी अवघडून बसते. ज्या मुलीला 'उच्चारांवर काम करा' सांगितलं, तिच्याकडे बहिणाबाईंचे उच्चार जन्मतःच होते. ते तिने कामासाठी मोडून घेतले. खान्देशातल्या कथा-कादंबऱ्यांतले संवाद, अहिराणीतलं लेखन, पोवाडे, कानबाईची गाणी, हे वाचायला इथलीच नटी हवी. अहिराणीची विनोदी चित्रफीत लाखो लोक पाहतात, म्हणजे ऐकणारे आहेत. अहिराणीत सबंध पुस्तक वाचून मिळावं, याची मागणी मात्र कुणी करत नाही. आपणच बोलीला हसण्यापुरती ठेवली आहे.

तिला मी विचारलं, लिहितेस का? म्हणाली, डायरी आहे. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही. पण ती नाटकवाली आहे, कान तयार आहे, सासर-माहेरच्या दोन बोली तिच्या तोंडात आहेत. तिने ते लिहिलं आणि तिच्याच 'केयी'सकट वाचलं तर माझी मावशी पहिली श्रोता असेल.

मराठी प्रकाशकांना आणि ध्वनिपुस्तकांच्या कंपन्यांना सांगणं एवढंच. बहिणाबाई जळगाव जिल्ह्यात वाढलेल्या बाईकडून वाचून घ्या, मालिकेतलं नाव नसलं तरी चालेल. नटीचं आत्मचरित्र छापताना त्याच करारात तिच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण ठेवा, ती हयात आणि धडधाकट असताना. वाचणारीचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली, वाचता येईल अशा अक्षरात द्या.

आणि हा अंक हातात असलेल्यांना: दिवाळीत घर भरलेलं असतं. तमाशात, मेळ्यात, गावच्या नाटकात काम केलेली, आकाशवाणीवर एकदा तरी बोललेली, किंवा नुसतीच गोष्ट चांगली सांगणारी एखादी बाई तुमच्या नात्यात असेल. भाऊबीजेला तिच्यासमोर मोबाइल ठेवा, पंखा बंद करा आणि तिला मध्ये न थांबवता बोलू द्या. सुरुवातीला तिच्याकडूनच तिचं नाव, गाव आणि तारीख म्हणवून घ्या. एक प्रत मोबाइलमध्ये राहू द्या, दुसरी दुसऱ्या कुणाकडे ठेवा, आणि तिला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.